आधी सलाम कुणी करायचा?

एका जंगलात एक गाव होतं, पोरांनो. जंगलात गाव कसं, असं विचारायचं नाही. ही गोष्ट आहे, सातबारा नव्हे.

गावात एक छोटी मशीद होती. दुपार कलली की तिथे यासीन उस्ताद सात पोरांना शिकवायचे. आधी अरबी अक्षरं, मग किताबाची पानं. उस्तादांना एक वाईट खोड होती. शिकवतील त्याचा अर्थही सांगायचे. वर म्हणायचे, "उद्या करून दाखवा."

जमातीचे अध्यक्ष होते इलाहीभाई नायकवडी. त्यांचा पांढरा घोडा होता आणि घोड्याच्या मानेला त्यांनी मोटारीचा भोंगा बांधला होता. भोंगा वाजला की माणसं वळायची आणि सलाम करायची. दिवसाला तीस-चाळीस सलाम मिळाल्याशिवाय इलाहीभाईंना अन्न पचत नसे.

सोमवारी वळणावर सातही पोरं भेटली. पोरं थांबली, ओळीत उभी राहिली आणि वर बघू लागली. तोंडातून शब्द नाही. इलाहीभाईंनी भोंगा वाजवला. पोरं हलली नाहीत, घोडा दचकला.

"काय गं हलीमा, जीभ घरी ठेवून आलीस?"

हलीमाचे पुढचे दोन दात पडलेले होते. "नाही चाचा. तुमच्या सलामाची वाट बघतोय."

"माझ्या?"

"स्वारानं पायी चालणाऱ्याला आधी सलाम करायचा. कालचाच सबक आहे."

"आणि लहानांनी मोठ्यांना करायचा, ते नाही शिकवलं?"

"शिकवलंय की! पण तुम्ही घोड्यावर आहात. उतरता का?"

इलाहीभाई उतरले ते थेट मशिदीच्या दारात.

"उस्ताद, पोरं बिघडवलीत तुम्ही. शुक्रवारच्या आत मला त्यांचा सलाम आला पाहिजे. आधी त्यांचा! नाहीतर बिस्तरा बांधा."

उस्तादांचा चेहरा उतरला. एकोणीस वर्षं ते मशिदीशेजारच्या खोलीत राहत होते. दुसरं घर नव्हतं.

"सांगतो पोरांना," ते म्हणाले. "पण मग शिकवलं ते खोटं होतं, असंही सांगावं लागेल. तेवढं तुम्ही येऊन सांगा."

किताबातलं खोटं आहे, असं कुठला अध्यक्ष सांगेल? इलाहीभाई चडफडत घरी गेले.

मंगळवारी ते पायी निघाले. घोडा नाही, भोंगा नाही. वळणावर पोरं भेटली. पुन्हा ओळ, पुन्हा गप्प.

"आता काय झालं? पायी आहे ना मी?"

"हो चाचा. पण थोड्यांनी पुष्कळांना आधी करायचा. आम्ही सात. तुम्ही एकटे."

बुधवारी इलाहीभाई कमिटीचे अकरा लोक घेऊन निघाले. घोळका बघून गावाला वाटलं, कुणीतरी गेलं. वळणावर पोरं नव्हती. ती मशिदीत पाटीवर लिहीत बसली होती. घोळका आत शिरला. पोरांनी माना वर केल्या आणि वाट बघत राहिली.

"बोल बाई," इलाहीभाई थकून म्हणाले. "आज काय चुकलं?"

"चालत आलेल्यानं बसलेल्याला करायचा, चाचा."

अकरांपैकी एकाला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घालवलं.

गुरुवारी इलाहीभाई भर दुपारीच अकरा जणांना घेऊन वळणावरच्या ओट्यावर जाऊन बसले. ऊन तापलेलं. मुंग्या चावत होत्या. एकानं जरा पाय मोकळे करू का विचारलं, तर इलाहीभाई ओरडले, "खबरदार! उठला तो चालणारा झाला!"

इकडे उस्तादांनी बिस्तरा बांधून दाराशी ठेवला होता.

पोरं आली. हलीमानं बोटांवर हिशेब केला. हे बसलेले. हे पुष्कळ. हे मोठे. तिचा चेहरा उजळला. आणि सातही पोरं अशी ओरडली की झाडावरचे पोपट उडाले:

"अस्सलामु अलैकुम, चाचा!"

"वालैकुम अस्सलाम," इलाहीभाई म्हणाले.

"बरं झालं बसलात," हलीमा म्हणाली. "आम्हाला सोमवारपासून करायचा होता. तुम्हीच नियमात बसत नव्हता."

इलाहीभाईंनी उस्तादांना बोलावून घेतलं. सगळे बसलेलेच होते, म्हणून तिथेच कमिटीची बैठक झाली. उस्ताद जन्मभर गावातच राहतील, असं ठरलं. बिस्तरा सोडायला पोरं धावली.

तेवढ्यात त्या खोकणाऱ्यानं सहज विचारलं, "उस्ताद, उद्याचा सबक कोणता?"

"शेजारी उपाशी असेल तर आपण पोटभर जेवू नये," उस्ताद म्हणाले.

अकरा जणांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांना शेजारी होते.

बैठक पुन्हा भरली. दुसरा ठराव झाला: उस्तादांचं शिकवणं फार उत्तम आहे, ते असंच चालू राहावं. उद्यापासून फक्त अर्थ सांगू नये.

तात्पर्य: मुलांना धर्म जरूर शिकवावा, लहानपणापासून शिकवावा, रोज शिकवावा. पण अर्थ सांगू नये. अर्थ कळला की ती तसं वागायला लागतात, आणि मग मोठ्या माणसांना गावातून हिंडायची पंचाईत होते.