मधमाश्यांची साखर

आठ दिवस झाले तरी वाडग्यातला पाक बोटभरही उतरला नव्हता. गच्चीवरच्या मधपेटीपुढे उकिडवे बसून निवृत्त ग्रंथपालांनी त्यात करंगळी बुडवली आणि चाखली. गोड तर होता. मग माश्या तोंड का लावत नव्हत्या? फुलांचा हंगाम सरला की पेटी पाकावरच जगते, असं पुस्तकात लिहिलं होतं, आणि ते पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं होतं.

चूक आपलीच असणार, असं धरून ते खाली आले.

"सूनबाई, बरणीतली साखर जुनी आहे का गं?"

"बरणीत साखर आहेच कुठे, बाबा!" सून विजयी मुद्रेनं म्हणाली. "डॉक्टरांनी तुमची बंद केली, त्याच दिवशी मी स्टीव्हिया भरली. झाडाच्या पानांपासून काढतात. जिभेला गोड, अंगाला काही लागत नाही. आठ दिवस चहात घेताय, कळलं तरी का?"

ग्रंथपालांनी माश्यांचा पाकही त्याच बरणीतून केला होता. पेटी ज्याच्याकडून आणली होती त्या मधपाळाला त्यांनी फोन लावला.

"अहो काका, अंगाला लागत नाही म्हणजे पोटही भरत नाही! माश्यांना काय वजन कमी करायचंय? आजच्या आज साखरेचा पाक द्या. उरल्या असतील तर."

ते शेवटचे तीन शब्द छातीशी धरून ग्रंथपाल किराणा दुकानात पोचले.

"दोन किलो साखर."

दुकानदारानं हात जोडले. "काका, ताईंनी बजावून ठेवलंय. तुम्हाला साखर द्यायची नाही."

"मला नकोय हो. मधमाश्यांना हवीय."

"हे बरंय! मागच्या महिन्यात एक आजोबा मांजरासाठी आइस्क्रीम मागत होते."

खरं बोलताना ग्रंथपालांची जीभ नेहमीच अडखळे, त्यामुळे त्यांचं खरं लोकांना हमखास खोटं वाटे. आता तर त्यांचे डोळेच भरून आले. "हजारो जिवांचा प्रश्न आहे," ते कसेबसे म्हणाले. दुकानदार घाबरला. त्यानं साखर बांधून दिली आणि पाठ वळताच सुनेला फोन केला.

गच्चीवर पातेल्यातल्या गरम पाण्यात साखर पडते न पडते, तोच दारात सून उभी.

"हजारो जीव म्हणे! इथे एकच जीव सांभाळताना माझ्या नाकी नऊ आलेत."

"तू शिक्षा नंतर दे. आधी मला हे झाकण उघडू दे."

त्यांनी पेटीचं झाकण काढलं. तळाशी मेलेल्या माश्यांचा खच दिसणार, अशी त्यांची खात्री होती. उलट आतून असा गुंजारव उठला की सून दोन पावलं मागे सरली. त्यांनी पोळ्याची एक चौकट वर उचलली. माश्यांनी गजबजलेली, चांगली जड, आणि घराघरांत काहीतरी लालभडक चमकत होतं.

"जिवंत आहेत गं!" ग्रंथपाल मटकन खालीच बसले. मग चष्मा पुसून पुन्हा वाकले. "पण असा लाल मध कुठल्याच पुस्तकात नाही."

सून कठड्याशी जाऊन वाकली. पेटीतून निघालेल्या माश्या कठडा ओलांडत होत्या, खाली सूर मारत होत्या आणि थेट त्यांच्याच घराच्या मागच्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या यंत्रामागे शिरत होत्या. सुनेच्या चेहऱ्यावर हळूहळू मधाचा रंग चढला.

"आलेच हं, बाबा," म्हणत ती जिना उतरून धावली.

पाच मिनिटांनी धापा टाकत परतली. "लाल सरबताचा कॅन आहे तिथे. झाकण नीट लागलं नव्हतं."

"यंत्रामागे? सरबत?"

"तुम्ही दुपारी झोपलात की मी एक ग्लास..." तिनं मान खाली घातली. "तुमचं सगळं गोड बंद करून तुमच्यासमोर कशी पिणार?" पण लगेच तिचा चेहरा उजळला. "अर्धा उरलाय!"

"मग वर घेऊन येतेस का तो? बिचाऱ्यांना आवडलेला दिसतोय."

"छे! त्यांच्यासाठी तुमची साखर आहे ना," सून म्हणाली, आणि पातेलं पुढ्यात ओढून स्वतःच पाक ढवळू लागली.