भुजंगरावांची मिशी

दसऱ्याला घनसावंगीचे व्याही येणार म्हटल्यावर बद्रीनाथरावांच्या अंगात वारंच शिरलं. व्याही राधेश्यामराव पूर्वजांच्या बढाया मारण्यात पटाईत. या खेपेला त्यांची जिरवायचीच! बद्रीनाथरावांनी बैठकीतला सेनापती भुजंगरावांचा फोटो उतरवला. डोईला मंदिल, कमरेला तलवार, आणि मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठरावं! साठ वर्षं या फोटोपुढे घरातली शस्त्रं पुजली जात होती. फोटो हरिओमच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला आणि मंठ्याच्या स्टँडसमोर दहा फुटी भुजंगराव उभे राहिले.

व्याही जीपमधून उतरले आणि बॅनर बघायला त्यांना मान मागं टाकावी लागली. घरी येईपर्यंत बद्रीनाथरावांनी भुजंगरावांना गोदाकाठच्या तीन लढाया जिंकून दिल्या. चौथी सुरू होणार, तोच हरिओम फोटो काखोटीला मारून धापा टाकत आला.

"काका, फ्रेम परत बसवून राह्यलो होतो, तर फोटोच्या मागं लिहिलेलं दिसलं."

"मंग वाच की मोठ्यानं! व्याह्यांनाबी ऐकू दे."

"'कुमारी दैवशाला. मूकपटात सेनापतीच्या वेषात. सन १९२८.'"

व्याह्यांचा चहा बशीत सांडला. दैवशाला म्हणजे बद्रीनाथरावांच्या आजोबांची सख्खी बहीण. ती नाटकात गेली, तिथून सिनेमात गेली, म्हणून आजोबांनी घरात तिचं नाव काढायलाही बंदी घातली होती. आता व्याह्यांना तोंड कसं दाखवायचं? बद्रीनाथरावांची ब्याऐंशी वर्षांची आई, उषाबाई, मात्र निवांत झेंडूचा हार ओवत होती.

"माय, तुला ठाव होतं?"

"मीच टांगला तर! माझ्या लग्नाच्या साली आत्याबाई आल्त्या. सासऱ्यांनी पाणीसुद्धा विचारलं न्हाई, दारातूनच परत लावलं. मी मागच्या दारानं तांब्या घेऊन पळाले. म्हणलं, तुम्ही काहीच कसं बोलल्या न्हाई? तर हसल्या. 'आमच्या सिनेमात बोलायचं नसतंच, पोरी. सवय हाय,' म्हणल्या, अन् हा फोटो माझ्या हातात दिला."

"आजोबांनी विचारलं न्हाई, कोणाचा म्हणून?"

"विचारलं की! म्हणलं, ह्याच घराण्यातलं माणूस हाय. खोटं बोलले का? भुजंगराव नाव त्यांनीच ठेवलं. मरेपर्यंत हात जोडले!"

"अगं पण, सख्खी बहीण वळखू आली न्हाई?"

"मिशी दिसल्यावर पुढचं कोण बघतं?" उषाबाई हसल्या, पण डोळे भरून आले. "लई वाटायचं रे, एकदा तरी ह्या घरात त्यांचं नाव घ्यावं."

राधेश्यामराव उठले. आता हा माणूस काय टोमणा मारतोय, म्हणून बद्रीनाथरावांनी मान खाली घातली. पण व्याह्यांनी फोटोला हात जोडले.

"आमच्या पूर्वजांत एवढ्या हिंमतीचं कोणी झालं न्हाई बघा," ते म्हणाले.

बद्रीनाथरावांनी मान वर केली.

"हरिओम, जल्दी दुसरा बॅनर कर. आत्याआजीचं नाव घाल, मोठ्या अक्षरांत."

"अन् मिशी? पुसून टाकू?"

"खबरदार!" उषाबाईंनी हार फोटोला घातला. "मिशी होती म्हणून तर त्यांना घरात ऱ्हाता आलं."