कुंपणाच्या आत पडणारा चेंडू

“लिही,” दाजी म्हणाले. “घड्याळाच्या पोटातलं केसाएवढं चक्र ज्याच्या नजरेतून निसटत नाही, त्याच्या नजरेतून गुन्हेगार काय निसटणार? लिहिलंस?”

लिहिलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात गुप्तहेर असतात. उरलेला वेळच जास्त. मी त्यांचा सहायक, कारण ताईचा हुकूम आहे, ‘त्यांना एकटं सोडू नकोस.’

फिर्याद घेऊन आली होती बेकरीत कणीक मळणारी मुलगी. बेकरीच्या बेसबॉल संघात तिला सगळे तोफ म्हणतात. तिने मारलेला चेंडू थेट कुंपणापलीकडे जायचा. त्याला होमरन म्हणतात. गेले तीन आठवडे तो कुंपणाच्या आतच पडत होता.

“उद्या अंतिम सामना आहे, काका. आज एकही पलीकडे गेला नाही तर मला बाकावर बसवणार. आणि मला लांब मारण्याशिवाय दुसरं काही येतच नाही हो.”

“ताकद चोरीला गेली आहे,” दाजींनी जाहीर केलं.

मैदानावर दोन संशयित हजर होते. संघाचे दोघे प्रशिक्षक, सख्खे भाऊ आणि एकमेकांशी अबोला.

“वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर लोटायचं,” थोरले म्हणाले. “जड दार ढकलतो तसं. ताकद लोटण्यात असते.”

“पोरी, त्यांना सांग,” धाकटे आभाळाकडे बघत म्हणाले, “दारं ढकलून होमरन झाले असते तर रखवालदार जगज्जेते झाले असते. पाय रोवायचे, कमरेतून पीळ घ्यायचा, बॅट खालून वर आणायची.”

“त्याला सांग, पिळायचंच असेल तर घरी ओल्या चादरी पडल्यात.”

“तू कुणाचं ऐकतेस?” मी तोफेला विचारलं.

“एक चेंडू यांचा, एक त्यांचा. पहिला आत पडला त्या दिवसापासून.”

दाजींनी आधी बॅट कानाला लावून टिकटिक ऐकली. मग डोळ्याला भिंग लावून तोफेचं कोपर तपासलं. “मागचं कोपर पावणेदहावर आहे. नऊला पाच कमी हवं. कोपर पुढे धावतंय, रोज थोडं थोडं.” कीर्तनकारासारखं दाजींचं निरूपण एकदा रंगलं की मूळ पद बिचारं दाराबाहेर ताटकळतं.

तोफ गुणी मुलगी, कुणाचं मन मोडत नाही. तिने वजन लोटलं, कमरेला पीळ दिला, कोपर नऊला पाच कमीवर धरलं आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन मातीत बसली. चेंडू शेजारून निघून गेला.

तिचे डोळे भरले. मला राहवलं नाही. “बाळ, एकदा कुणाचंच ऐकू नकोस. कणकेचा गोळा परातीत आपटतेस तसा मार.”

तिने मारला. चेंडू उंच गेला, खूप लांब गेला आणि कुंपणाच्या आतच पडला. तिथे खुर्ची टाकून मैदानाचे माळीबुवा बसले होते. त्यांनी बसल्या बसल्याच तो उचलला.

“पूर्वी तुम्ही पलीकडून आणायचात ना?” तोफेने विचारलं.

“पूर्वी कुंपण अलीकडे होतं,” माळीबुवा म्हणाले. “तुझे चेंडू आणायला रोज ते ओलांडायचं, गुडघे गेले माझे. तीन आठवड्यांपूर्वी मीच उपटून वीस पावलं मागे ठोकलं. दुसऱ्या कुणाचा चेंडू इथवर येतोय? कुणाला काय फरक पडतो?”

दोघे भाऊ कुंपणाकडे बघत राहिले. तीन आठवडे त्यांनी तिच्या पायांशिवाय आणि कमरेशिवाय काही पाहिलंच नव्हतं.

“लिही,” दाजी म्हणाले, “गुप्तहेराने माळ्याला बोलतं केलं.”

तोफ बाकावर बसली नाही. अंतिम सामन्यात तिच्या कानाशी कुणी बोललं नाही आणि तिसरा चेंडू नव्या कुंपणावरूनही पलीकडे गेला.

“बघितलंस, कसं वजन लोटलं!” थोरले म्हणाले.

“पीळ होता तो, दादा,” धाकटे म्हणाले. मग दोघांनाही अबोला आठवला आणि त्यांनी तोंडं फिरवली, पण जरा उशिराच.

माळीबुवा मात्र चेंडू गेला तिकडे पाहत होते. गुडघ्यांवर हात टेकून ते सावकाश उठले आणि हातोडा आणायला निघाले.