चार उजळ, एक काळा

खटकचिंचोळीच्या बाजारात किराणा दुकान चालवणाऱ्या व्यंकटला आपल्या चार रुपयांबद्दल तिळमात्र शंका नव्हती. निजामाच्या काळातले, चारमिनार छापलेले चांदीचे रुपये, आज्यापासून देवघरात. आता ते मुंबईच्या एका कंपनीकडे तपासणीला निघाले होते. तिथले जाणकार भिंगाखाली नाणं बघतात, सत्तरपैकी गुण देतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत धाडतात, ही माहिती त्यानं मोबाइलवरून मिळवली आणि चार दिवसांत अख्ख्या बाजाराकडून पाठ करून घेतली. बिस्किटांचे पुडे हलवून काचेच्या कपाटातला एक कप्पाही त्यानं डब्यांसाठी मोकळा केला.

फॉर्मच्या पहिल्याच ओळीत ताकीद होती, की नाणी धुऊ अथवा घासू नका.

"धुऊ नका म्हणायलेत की," त्याची बायको राजूबाई म्हणाली.

"ते धुता येत न्हाई त्यांच्यासाठी हाय. पोरगी दाखवायची असली तर आधी तोंड धुवायला लावतेत का न्हाई?"

हे राजूबाईला पटलं. दर दिवाळीला ती हे रुपये चिंच आणि राखेनं घासायचीच. या खेपेला पाहुणे मुंबईचे म्हणून तिनं हात जरा जास्त चालवला. रुपये असे लखलखले की चारमिनारला नुकताच चुना दिल्यासारखं वाटलं.

समोरच्या कापड दुकानातून मल्लप्पा रस्ता ओलांडून आला. त्यानं रुपये मोजले आणि मान हलवली.

"व्यंकटा, चार पाठवायलास? चार म्हणजे तिरडीचे खांदेकरी. शुभकामाला पाच पाहिजेत."

व्यंकटचा चेहरा उतरला. "पाचवा कुठनं आणू, अण्णा?"

मल्लप्पा गेला आणि तसाच चारमिनारचा, पण काळाकुट्ट रुपया घेऊन आला. "शिलाई मशीन हलत होती. वीस वर्षं तिच्या पायाखाली कापडात गुंडाळून घातला होता. संख्या भरायला चालंल."

राजूबाईनं चिंचेची वाटी पुढे ओढली. व्यंकटनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तसाच," तो हळूच म्हणाला. "त्याच्या शेजारी आपले आणखी उजळ दिसतेत."

पार्सल परत आलं ते दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. व्यंकटनं दहा-बारा जणांना चहाला बोलावलं आणि इंग्रजी वाचायला शाळेतल्या रविकुमार मास्तरांना गल्ल्याजवळ बसवलं. मास्तरांनी पहिली डबी उजेडात धरली.

"अस्सल. पण घासलेला. गुण न्हाईत."

"दुसरा बघा, मास्तर."

"घासलेला."

"तिसरा?"

"एकाच हातानं घासलेत वाटतं," मास्तर म्हणाले. आत कुठंतरी राजूबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. चौथ्यालाही तेच निघालं. मग मास्तरांनी पाचवी डबी घेतली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"पासष्ट."

चहाचे कप हवेतच राहिले.

"सत्तरपैकी?" मल्लप्पानं विचारलं.

"सत्तरपैकी. सोबत चिठ्ठी हाय. वरचा काळा थर मूळचा हाय, त्याला हात लावू नका म्हणून."

मल्लप्पानं डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग म्हणाला, "म्हणजे मशिनीला आता दुसरं कायतरी लावावं लागतंय."

त्या दिवसापासून डबी मल्लप्पाच्या दुकानात साड्यांच्या वर लटकली. धोतर घ्यायला आलेला माणूसही आधी पासष्टचं दर्शन घ्यायचा. व्यंकटच्या कप्प्यात बिस्किटं परत आली. गिऱ्हाइकं साखर घेताना विचारू लागली, "घासलेली तर न्हाई न्हवं?" व्यंकट मग वजन करताना काट्यावर दाणाभरही जास्त टाकायचा नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मल्लप्पाची बायको सिद्धव्वा घाईघाईनं आली.

"व्यंकटण्णा, पावशेर चिंच द्या."

"आज चिंच कामून, वहिनी?"

"लक्ष्मीला आंघोळ नको व्हय? पण ती तर त्या डबीत गुदमरायली. प्लास्टिकवर हळदकुंकू कसं चढवू? हे आंघोळीला गेलते तवर दुकानातनं काढून अडकित्त्यानं फोडली डबी." तिनं पदराची गाठ सोडून रुपया दाखवला. काळा, शांत, पासष्ट गुणांचा. "आता चकचकीत करून पाटावर ठेवते. यांना बघूनच आनंद व्हतोय."

व्यंकटनं रुपयाकडे पाहिलं. चिठ्ठी त्याला तोंडपाठ होती. एक वाक्य बोलला असता तर पुरे होतं. त्यानं समोर पाहिलं. मल्लप्पा केस विंचरून दुकानाचं शटर वर करत होता आणि पायरीवरच्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "घासलं की गेलं बघा. आमच्या व्यंकटाचं तसंच झालं."

व्यंकट वळला आणि मागच्या पोत्यात हात घातला.

"नवी नको, वहिनी. ही गेल्या सालची न्या," तो म्हणाला. "काळं लवकर निघतंय."