राजकन्येचा मनोरा आणि आमच्या गाद्या

बायकोला मदत करायची, असं मी रविवारी सकाळी ठरवलं. (इथेच मला कुणीतरी आवरायला हवं होतं.)

बायको संगीत शिकवते. आमच्या झोपायच्या खोलीत ती एक अल्बम रेकॉर्ड करत होती. मध्ययुगातली दंतकथा, त्या काळच्या धाटणीच्या चाली, आणि खाली चक्क डिस्कोचा ठेका! त्यातला शूर सरदार ड्रॅगनला मारायला निघतो, ऐनवेळी त्याचं चिलखत अडकतं आणि बिचारा ड्रॅगनच त्याला ते काढून देतो. हे तिला सुचतं कसं, देव जाणे. मला वाढदिवसाचा साधा मेसेज सुचत नाही.

शेवटचं गाणं उरलं होतं, मनोऱ्यात कोंडलेल्या राजकन्येचं. त्यात जुन्या पद्धतीची लाकडी बासरी वाजवणारे काका संध्याकाळी वर्षभरासाठी परदेशी निघणार होते. म्हणजे आज नाही, तर गाणंच नाही.

बायको त्यांना आणायला गेली आणि मी खोलीत डोकावलो. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीवर रजया, दारावर ब्लँकेट. हा काय पसारा! ती काकांना घेऊन येईपर्यंत गाद्या गच्चीत, रजया बादलीत आणि खोली लख्ख.

"अहो, गाद्या कुठायत?"

"गच्चीत. ऊन देतोय."

"आणि रजया?"

"भिजवल्या!" मी ऐटीत म्हणालो.

ती मटकन खाली बसली. "अहो, आवाज घुमू नये म्हणून लावल्या होत्या त्या!"

"त्या... त्या..." खोलीही तिच्याच बाजूनं बोलली.

तिचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि मी ती बादलीत बुडवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी मात्र बासरी ओठांना लावली. एकच सूर काढला. तो भिंतींवरून फिरत छतापर्यंत गेला आणि बराच वेळ तिथेच रेंगाळला.

"अहो बाई," काका ओरडलेच, "हाच की तुमचा दगडी मनोरा!"

बायको डोळे पुसून उठली आणि गायला लागली. काय गायली म्हणून सांगू! अंगावर सर्रकन काटा आला. हिच्याशी माझं लग्न झालंय, यावर क्षणभर माझाच विश्वास बसेना. मी कोपऱ्यात छाती फुगवून उभा राहिलो. (मनोरा शेवटी कुणी बांधला?)

तेवढ्यात काकांनी हात वर केला. हेडफोन कानाशी दाबत म्हणाले, "सूर त्या कोपऱ्यात दबतोय. खोलीत अजून काहीतरी जाडजूड, मऊ राहिलंय."

बायकोनं कोपऱ्याकडे पाहिलं. मग काकांनीही पाहिलं.

उरलेलं गाणं मी गच्चीत ऐकलं. बाकीच्या गाद्यांबरोबर.