भगीरथचा एकट्याचा ऑर्केस्ट्रा

"डीजे कशाला रे? मी एकटा आख्खा ऑर्केस्ट्रा हाय!"

टोकावड्याच्या अंगणात भगीरथने छाती ठोकून सांगितलं आणि मेव्हण्याने, अनिलने, पोरीच्या हळदीचा डीजे रद्द केला! भगीरथची बायको गिरजा मात्र भावासारखी भोळी नव्हती. नवरा वाजवायचा ती धसईची बँड पार्टी मोडल्यापासून त्याचा अ‍ॅकॉर्डियन घरात पाय पसरून बसलेला तिला खुपत होता.

"वाजवा. पन लोकं नाचली नायत, तर ती पेटी माळ्यावर जानार!"

तो अ‍ॅकॉर्डियन माळ्यावर गेला असता तर त्याच्या मागोमाग भगीरथही गेला असता!

जुनी गाजलेली गाणी एकट्या अ‍ॅकॉर्डियनवर बसवायची म्हणजे पोरखेळ नव्हे. व्हायोलिनांचा ताफा उजव्या हाताने काढायचा, ढोलकी डाव्या हाताच्या बटणांवर ठोकायची आणि कोरस सापडेल त्या फटीत कोंबायचा! गोठ्यात महिनाभर रियाज झाला. म्हशीने दूध कमी केलं, पण भगीरथने गाणी कमी केली नाहीत. शिवाय प्रत्येक अंतऱ्यानंतर त्याने एक झकास शांतता ठेवली. भाता बंद, डोळे बंद!

"इथं ऐकनाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकला पायजे!"

"माझा चुकला," गिरजा म्हणाली. "मला वाटलं, मोडली पेटी."

हळदीच्या संध्याकाळी पहिलं गाणं सुरू झालं आणि अंगण उसळलं! पिवळीधमक नवरी रेश्मा टाळ्या वाजवू लागली. गिरजासुद्धा ताल धरू लागलेली पाहून भगीरथला आभाळ ठेंगणं झालं. अंतरा संपला. त्याने डोळे मिटले, भाता मिटला.

"थांबलं गो! बसा पानावर!" जना आत्या ओरडली.

अनिलची ही आत्या म्हणजे त्या घरचं सुप्रीम कोर्ट. गावची रीत अशी, की वाजप, म्हणजे वाद्यं, चालू असेतो पानावर बसायचं नाही आणि वाजप थांबलं की पंगत. भगीरथला ती पुरती ठाऊक होती, पण कलेच्या भरात गावचा जावईच ती विसरला!

त्याने डोळे उघडले तर समोर चिटपाखरू नाही! सगळे मांडवात, वाढपी धनेश भातावर डाळ ओततोय. आवडलं नाही की काय? घाबरून भगीरथने पुढचा भाग दणक्यात सुरू केला.

"उठा! वाजप चालू झालं!"

तोंडातला घास तोंडात ठेवून पंगत उठली आणि डाळीच्या हातांनी नाचू लागली. दुसऱ्या अंतऱ्याला पुन्हा शांतता, पुन्हा पळापळ! अनिल घाम पुसत धावत आला.

"भावजी, एक तर वाजवा, नायतर थांबा!"

"अरे, थांबनं हेच तर खरं वाजवनं हाय!"

पुढच्या गाण्यांना मग लोकांनाच चेव चढला. भाता मिटला की मांडवाकडे शर्यत, उघडला की अंगणात धिंगाणा! कोणी पापड घेऊन नाचतोय, कोणी शेजाऱ्याच्या पानावर जेवतोय. गिरजा हसून हसून खांबाला टेकली. डोळे मिटून वाजवणाऱ्या भगीरथला यातलं फारसं कळलं नाही.

शेवटी गाणं खरोखरच संपलं. पण कोणी हलेना!

"संपलं!" भगीरथ म्हणाला.

"आता नाय फसायचे आमी!" आत्या कंबरेवर हात ठेवून उभीच.

अखेर भगीरथने अ‍ॅकॉर्डियन खोक्यात ठेवला आणि कड्या लावून आत्याला दाखवल्या, तेव्हा कुठे पंगत बसली.

गिरजा जवळ आली. "नाचली हो लोकं. राहूदे पेटी खालीच." भगीरथचे डोळे भरून आले. एवढ्यात धनेश हात पुसत आला.

"भाऊ, उद्या लग्नाला वाजवाल? फुडच्या माझ्या सगळ्या कामांना तुमीच पायजे!"

भगीरथ फुलून गेला. "वाजवू की! कुठलं गानं बसवू?"

"कुठलंबी चालंल. पयली पंगत जेवून गप्पा हानत बसते, उठतच नाय बगा. तेवढी उठवायची."

भगीरथचा चेहरा पडला. त्याने गिरजाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि घसा खाकरून विचारलं, "पंगती किती असत्यात?"