मोहोडकाकांना न दिसणारा आकडा

आमचे शेजारी मोहोडकाका कुणाच्याही घरी गेले की पाणी घेत नाहीत, आधी कॉम्प्युटर मागतात. चप्पल दारात निघते न निघते तोच शर्टाच्या खिशातून काळ्या दोऱ्याला बांधलेला पेनड्राइव्ह बाहेर येतो. "सर, पानी राहू द्या. मशीन कुठं हाय?" आपण निमूट आतली खोली दाखवायची. काका खुर्ची ओढतात, पेनड्राइव्ह खुपसतात, कुठलंसं फुकटातलं सॉफ्टवेअर उघडतात आणि पडद्यावरचे चार आकडे मोठ्यानं वाचतात. "बावीस, बावीस, बावीस, बावन्न." मग घरात कुणी अंथरुणाला खिळल्याचं कळावं तसा चेहरा करून म्हणतात, "ढिलं हाय सर. लई ढिलं."

कॉम्प्युटरच्या मेमरीकडं एखादी गोष्ट मागितली की ती किती ठोक्यांनी हातात देते, ते म्हणे हे आकडे सांगतात. आकडा लहान तितकी मेमरी चपळ. हा सगळा फरक डोळ्याची पापणी लवायच्याही कितीतरी आतला. आणि मी त्या कॉम्प्युटरवर करतो काय, तर अकरावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिका टाइप करतो, त्याही दोन बोटांनी. माझं एक बोट उठून दुसरं पडेपर्यंत ती मेमरी एक झोप काढून घेत असेल. हे मी काकांना एकदा सांगूनही पाहिलं. ते म्हणाले, "तुमी हळू हा म्हणून मशीननं बी हळू राहावं, हे कोन्या नियमात बसते?"

काकांकडं एक लांबोडकी वही आहे. तिच्यात आमच्या अख्ख्या कॉलनीतले कॉम्प्युटर घरमालकांच्या नावासकट उतरवलेले आहेत. माणसांबद्दलची काकांची मतं याच वहीतून निघतात. कोपऱ्यावरच्या घरातली सून शिकलेली, मनमिळाऊ, सगळी कॉलनी तिचं नाव काढते. काकांनी तिचा निकाल एका वाक्यात लावला. "दोन पट्ट्या लावाच्या जागी एकच लावून बसली हाय. संसार कसा करन ते दिसूनच राह्यलं." पट्टी म्हणजे मेमरीची पट्टी. माझ्या नावापुढं लाल शाईत 'सुधारणा नाही' असा शेरा आहे. अकरावीच्या वर्गात मी इतकी वर्षं वाटलेले शेरे असे परत येतील असं वाटलं नव्हतं.

याचं मूळ काकांच्या नोकरीत आहे. बत्तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. अमरावतीच्या भाजीबाजारातल्या तागड्यांपासून शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या काट्यांपर्यंत सगळी वजनं त्यांच्या हाताखालून गेली. तपासणीआधी त्या दुकानाचा चहा सोडा, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. निवृत्तीनंतर काटे सुटले, नेम तेवढा राहिला, आणि तो चालवायला आम्ही शेजारी सापडलो.

कॉम्प्युटर त्यांच्या घरी आला काकू गेल्यावर. मुलगा निखिल बंगळुरूला. बाबांशी समोरासमोर बोलता यावं म्हणून त्यानं हा कॉम्प्युटर इथल्याच एका दुकानातून घेऊन दिला. महिनाभर काका त्याला नुसतं फडक्यानं पुसत. मग एके दिवशी दुपारच्या उन्हात ते माझ्या दारात उभे राहिले. "सर, चला. पंच पायजे."

काकांनी मेमरीचा खोका राखून ठेवला होता. खोक्यावर सव्वीसशे सहासष्ट लिहिलेलं, आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसत होतं तेराशे तेहतीस. "बरोब्बर निम्मं! काट्यात असं असतं तं मी दुकानाले टाळं लावलं असतं." पंच म्हणून मला आणि समोरच्या इस्त्रीवाल्याला घेऊन काका दुकानात घुसले. दुकानदार सज्जन. त्यानं समजावलं की मेमरी एका ठोक्यात दोनदा माल देते, सॉफ्टवेअर नुसते ठोके मोजतं, म्हणून आकडा निम्मा दिसतो.

"म्हणजे काटा एकदा हालते अन् माल दोनदा पडते?"

"तसंच समजा काका."

"असा काटा मी बत्तीस वर्षांत पास केला नाई," काका म्हणाले आणि तिथूनच त्यांनी निखिलला फोन लावला. निखिल पोट धरून हसला. मग त्यानं तेच पुन्हा समजावलं, काकांनी पुन्हा शंका काढल्या, त्यानं पुन्हा समजावलं. हा फोन चाळीस मिनिटं चालला. तेवढा वेळ आम्ही दोघे पंच फुटपाथवर भाजत उभे होतो. खरं म्हणजे माझं लक्ष त्या चाळीस मिनिटांकडं जायला हवं होतं, पण ते होतं उन्हाकडं.

त्यानंतर दर रविवारी दहाला हा तमाशा सुरू झाला. फोन स्पीकरवर, कंपाउंडची भिंत कमरेएवढी, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येई. "बाबा, बोला, काही काम होतं का?" हे निखिलचं पहिलं वाक्य. काकांकडं काम तयार असे. हे सॉफ्टवेअर चारच आकडे दाखवते, आतले बारीक दाखवत नाई. निखिल दुसरं शोधून पाठवी. पुढच्या रविवारी त्याची अक्षरं मुंगीएवढी निघत. तिसरं पाठवलं की ते एकाच पट्टीचं दाखवे, दुसरीचं नाही. चौथं तर उघडतच नसे. मला त्या पोराची दया येई. आठवडाभर राबून रविवारी बापाची ही वेठबिगार! मी बायकोला म्हणायचो, म्हातारा एक दिवस पोराचा फोन बंद पाडणार.

आणि मग आम्ही अकोल्याला गेलो.

माझ्या मुलीसाठी, रेणूसाठी, तिथलं एक स्थळ आलं होतं. मुलगा, स्वप्नील, कॉम्प्युटरमधलाच. बरोबर कुणी वडीलधारं असावं म्हणून मी रेणूबरोबर काकांनाही नेलं. वाटेत बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी तीनतीनदा बजावलं, "काका, आज पेनड्राइव्ह नको." काका म्हणाले, "मले का समजत नाई?" अकोल्यात पोह्यांच्या बशा आल्या. काकांनी बशीला हात लावला नाही. मुलाची आई म्हणाली, "घ्या न भाऊ." काका म्हणाले, "घेतो बाई. पोराचं मशीन कुठं हाय?"

मी डोळ्यांनी काकांना दटावलं. पण स्वप्नील हौसेनं त्यांना आत घेऊन गेला. पाच मिनिटांत काकांचा आवाज बैठकीत ऐकू आला. "बत्तीसशेची पट्टी घेतली अन् चोवीसशेवर चालवून राह्यला! आतली सेटिंग चालू करून पाह्यली नाई कधी?" स्वप्नीलनं जीभ चावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कसलीशी सेटिंग बदलली. आकडा, दुप्पट धरून, बत्तीसशे झाला. काका बाहेर आले आणि वधूपक्षाच्या, म्हणजे माझ्या, वतीनं त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "पोरगा बेफिकीर हाय, पन सांगतलं तं ऐकते. पोरगी द्याले हरकत नाई." मग त्यांनी पोहे खाल्ले. रेणू तोंडाला रुमाल लावून हसत होती. लग्न तिथंच ठरलं म्हणायला हरकत नाही.

निघताना स्वप्नीलला काकांची खोड कळली. "काका, सगळे आकडे दाखवणारं एक आहे माझ्याजवळ. अक्षरंबी मोठी. टाकून देतो."

"राहू दे बाप्पा, कायले तरास," काका पेनड्राइव्ह मागं ओढू लागले. मीच तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वप्नीलला दिला. "घ्या हो काका! सुटा एकदाचे." स्वप्नीलनं पेनड्राइव्ह लावला, पडद्याकडं पाहिलं, काही बोलणार तोच काकांनी तो काढूनच घेतला. मी समजलो, टाकून झालं. गाडीत ते अमरावतीपर्यंत बोलले नाहीत. मला वाटलं, पोहे बाधले.

घरी आल्यावर मी हौसेनं निखिलला मेसेज टाकला. 'बाबांना हवं ते सॉफ्टवेअर मिळालं. तुझी सुटका झाली.' त्यानं हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली.

पुढचा रविवार शांत गेला. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या रविवारी मी पेपर शब्दकोड्यासकट वाचून काढला. काका पेनड्राइव्ह घेऊन आले नाहीत, वही घेऊन आले नाहीत. बायको म्हणाली, "त्यांच्या घरी जाऊन या बरं." मी म्हणालो, "कशाला? शांतता मिळाली आहे तर भोगू दे."

चौथ्या आठवड्यात साक्षगंधाचं ठरवायला स्वप्नील आला. बोलता बोलता म्हणाला, "त्या काकांची गंमतच आहे बाबा. मी जे सॉफ्टवेअर टाकणार होतो ते त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये आधीच होतं. दोन वर्षांपासूनचं. अजून दहा-बारा होते, सगळे एकापेक्षा एक."

मी उठलो आणि तसाच शेजारी गेलो. काका कॉम्प्युटरसमोर बसले होते, पण तो चालू नव्हता. मी विचारलं, "काका, सगळं तुमच्याकडं होतं. दोन वर्षांपासून. मग दर रविवारी त्या पोराला कामाला का लावलं?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. फडक्यानं पडदा पुसत म्हणाले, "पोरगा वाईट नाई सर. म्हणते, बाबा, काम असलं तं सांगा, मी करतो. आता रिटायर माणसाजवळ कोनतं काम राह्यते? तुमची काकू होती तं ती बोले त्याच्यासंग, मी नुसता आयकू. मले बोलता येत नाई. मले मोजता येते."

मला स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं मी भिंतीपलीकडून ऐकत होतो आणि मास्तर असून मला एवढं समजलं नव्हतं. वर त्या पोराला मेसेज टाकून मीच म्हाताऱ्याचा रविवार काढून घेतला होता.

तिथूनच मी निखिलला फोन लावला. "अरे, ते अकोल्याचं सॉफ्टवेअर कुचकामी निघालं. बाकी सगळं दिसतं, एक आकडा काही दिसत नाही. बाबा चार आठवडे अडून बसलेत, तुला सांगायला संकोचतात." निखिलनं उसासा टाकला. म्हणाला, "काका, बाबांना सांगा, रविवारी करतो."

रविवारी पावणेदहाला काका दारात हजर. "सर, चला. पंच पायजे."

मी गेलो. कॉम्प्युटर चालू होता. स्वप्नीलचं, म्हणजे काकांचंच, ते सॉफ्टवेअर उघडं होतं आणि मोठ्या अक्षरांत झाडून सगळे आकडे पडद्यावर दिसत होते. शेजारी दोन कप चहा ओतून ठेवलेला, त्यातला एक अर्धा झालेला. तपासणीआधी काकांनी चहा घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला. दहाला फोन वाजला.

"बाबा, बोला. कोणता आकडा दिसत नाही?"

काकांनी चष्मा सारखा केला, पडद्यावरचा शेवटचा आकडा बोट ठेवून नीट वाचला आणि म्हणाले, "खालचा, शेवटचा. नाई दिसत रे बाप्पा."

"नक्की? नीट पाहा."

"पाहूनच राह्यलो."

"बरं, थांबा. मी दुसरं शोधतो. वेळ लागेल थोडा. आहे ना तुमच्याकडं वेळ?"

"हाय थोडा," काका म्हणाले. "तोवर सांग, जेवन कुठं करतं आजकाल?"

निखिल सांगू लागला. मेस बदलली होती, भाकर मिळत नव्हती, स्वतः करून पाहिली तर जळली. काका हसले. मध्येच निखिलला शंका आली. "बाबा, खरंच दिसत नाही ना तो आकडा?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. बत्तीस वर्षांत एकही खोटं माप पास न केलेल्या त्या माणसाचा पंच म्हणून मी फोनजवळ तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणालो, "नाही रे निखिल. मी समोरच बसलोय. नाही दिसत."